पाच हजार रात्रींचा हिशेब

२०२३ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोली गावचे विनोदी नट परशुराम कोमाजी खुणे यांचे नाव झाडीपट्टी रंगभूमीवरील सेवेसाठी पद्मश्रीच्या मानकऱ्यांत आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या नावासोबत दोन आकडे छापले होते. एक, ५,००० हून अधिक नाट्यप्रयोग. दुसरा, ८०० निरनिराळ्या भूमिका. बहुतेक वाचकांनी हे आकडे गौरवाच्या मजकुरातले म्हणून वाचले असतील आणि पुढचे पान उलटले असेल. माझी सारी नोकरी घुग्घुसच्या परिसरातल्या एका कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर गेली. भरल्या ट्रकचे वजन, रिकाम्या ट्रकचे वजन आणि त्यांच्या वजाबाकीतून उरणारा निव्वळ माल, हीच माझी तीस वर्षांची भाषा असल्यामुळे आकडा दिसला की त्याचा हिशेब मांडल्यावाचून मला राहवत नाही. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून भागाकार केला, आणि उत्तर आले ते पाहून मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा प्रयोग. सहाच.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी आपला १२,५०० वा प्रयोग केला, आणि तो विक्रम अपूर्व आहे यात संशय नाही. पण त्या रंगभूमीवर एखादे नाटक चालले की त्याचे शेकड्यांनी प्रयोग होतात, नटाला तीच वाक्ये, त्याच जागा, तेच विराम शंभरदा घासूनपुसून लखलखीत करण्याची संधी मिळते, आणि पन्नासाव्या प्रयोगाला जो हशा क्षीण वाटला तो दोनशेव्या प्रयोगापर्यंत नेमके कसे पिकवावे हे त्याला ठाऊक होते. ज्याच्या भूमिकेला सरासरीने सहाच रात्रींचे आयुष्य आहे त्याने काय करावे? संहिता मुरण्याच्या आत सरते, आणि पाठांतराचा तर प्रश्नच उद्भवत नाही. असा नट पाच हजार रात्री, म्हणजे रात्रीला रात्र जोडली तर साडेतेरा वर्षांहून अधिक काळ, लोकांना हसवत उभा राहिला असेल, तर त्याने हसवण्याचे साधन संहितेच्या बाहेर, दुसऱ्या कोठल्या तरी कोठारातून आणले असले पाहिजे. ते कोठार कोणते, आणि त्याची मोजदाद आपल्या साहित्यिक-सांस्कृतिक दप्तरात का नाही, हा या लेखाचा विषय आहे.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला झाडांचा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. येथील नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या आसपास सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो, कारण धान कापून घरात आल्यावाचून हाताला पैसा येत नाही आणि देहाला सवड मिळत नाही. गावोगाव मंडई भरते, शंकरपट भरतो, बैलजोड्यांच्या शर्यती पाहायला पाहुणेरावळे येतात, दिवसभर पट आणि रात्रभर नाटक असा शिरस्ता शंभरावर वर्षे चालत आलेला आहे. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या तेव्हा पुष्कळांना वाटले होते, की पट गेला म्हणजे नाटकही जाईल. पट काही वर्षे खरोखरच थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या सर्व वर्षांत, करोनाच्या आपत्तीचा अपवाद सोडला तर, नाटक मात्र उभे राहतच होते. ज्या झाडाचा आधार म्हणून वेल चढली होती ते झाड काढून घेतल्यावरही वेल उभी राहिली.

गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, ज्याला सारा प्रदेश वडसा याच नावाने ओळखतो, हे या रंगभूमीचे केंद्र. हंगामात तेथे नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात, गावकरी येऊन नाटक ठरवतात, तारखा लिहून घेतात, विसार देतात. मग रात्री दहा-साडेदहाच्या पुढे, थंडीत, तंबूत तणसावर आणि सतरंज्यांवर बसलेल्या हजारो माणसांसमोर पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत नाटक चालते. नट आज एका गावी आणि उद्या साठ मैलांवरच्या दुसऱ्या गावी वेगळ्याच नाटकात असल्यामुळे तालमींना वाव थोडा असतो. पडद्याआडून वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर येथे अद्यापि महत्त्वाचा माणूस आहे. नायक त्याच्याकडे कान लावून असतो, खलनायक असतो, नायिका असते. एकच पात्र असे, की ज्याला प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू आला नाही तरी त्याचे अडत नाही, आणि ज्याने तो ऐकलाच तर प्रेक्षकांची निराशा होते. ते पात्र म्हणजे विनोदी नट.

आता येथे शब्दांविषयी थोडे बोलले पाहिजे. एकट्याने रंगमंचावर उभे राहून लोकांशी बोलत बोलत त्यांना हसवण्याच्या प्रकाराला अलीकडे शहरांतून ‘स्टँड-अप’ म्हणतात, आणि हा प्रकार आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशातून आला अशी तरुण मंडळींची प्रामाणिक समजूत आहे. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले वाचक त्यांना पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली एकट्याने सादर केलेल्या ‘बटाट्याच्या चाळी’ची आणि प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची आठवण करून देतात, आणि ती योग्यच आहे. परंतु पूर्व विदर्भात कित्येक पिढ्यांपासून एक लोकनाट्य चालत आले आहे, ज्याचे नावच मुळी ‘खडी गंमत’ आहे. खडी म्हणजे उभी. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, साथीदार उभे, स्त्रीवेष घेतलेला नाच्या उभा आणि गमत्या माणूसही उभा. पडदा नाही, बैठक नाही, नेपथ्य नाही. उभ्या देहाने आणि धावत्या जिभेने रात्र जागवायची. परक्या शब्दाचा अर्थ ज्यांना देशी भाषेत समजावून घ्यायचा असेल त्यांनी घुग्घुसहून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेकडे यावे. त्या शब्दाचे भाषांतर येथे त्या शब्दाच्या आधीपासून तयार आहे.

झाडीपट्टीचा विनोदी नट हा या खडी गमतीचा आणि दंडार या दुसऱ्या लोकनाट्याचा वारस. नाटकाची चौकट नंतर आली, ती संगीत नाटकाच्या अनुकरणाने आली, पेटी-तबल्यासह आली, ‘एकच प्याला’सारख्या नाटकांच्या प्रयोगांसह आली, पण त्या चौकटीत जो पहिल्यापासून मावला नाही, तो हा माणूस. आणि न मावण्याचा त्याचा हा गुण पुढे लोकांनी तऱ्हेवाईकपणा म्हणून ओळखला. विनोदी नटाविषयी येथल्या पारावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ऐकाव्यात : तो ऐनवेळी वाक्य बदलतो, सहनटाला अडचणीत टाकतो, प्रेक्षकांतल्या कोणाशीही बोलू लागतो, नको तेथे थांबतो, प्रवेश संपला तरी जात नाही. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांना लहर म्हणणे ही निदानातील चूक आहे. मला जे सांगायचे आहे ते एवढेच : विनोदी नटाचा तऱ्हेवाईकपणा हा त्याच्या स्वभावाचा दोष किंवा अलंकार नसून ती त्याच्याकडे समाजाने सोपवलेली एक जबाबदारी आहे, आणि जो ती पाच हजार रात्री नीट पार पाडतो त्याच्याइतका शिस्तीचा माणूस त्या रंगमंचावर दुसरा नसतो.

या म्हणण्याला आधार म्हणून एक रात्र सांगतो. पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. पौषातली रात्र, सिंदेवाहीकडचे एक गाव, तिन्ही बाजूंनी जंगल. आठवड्यापूर्वीच शिवारात वाघ दिसल्याची वार्ता होती, त्यामुळे शेजारच्या गावांतून माणसे एकेकटी न येता बैलबंड्या आणि ट्रॅक्टर भरभरून आली होती आणि बायकांनी लेकरांना मांडीवरून खाली उतरू दिले नव्हते. नाटक ऐन करुण प्रसंगावर आले होते. नायकाची आई मरून पडली होती, नायक तिच्या उशाशी कोसळला होता, आणि त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. जंगलातला अंधार ज्यांनी पाहिला आहे त्यांनाच तो कसा असतो हे ठाऊक. आधी शिट्ट्या झाल्या, मग एका कोपऱ्यात कालवा झाला, कोणी तरी ‘वाघ’ हा शब्द उच्चारला, आणि त्या विशाल गर्दीतून एक थरार वाहत गेलेला मला अंगावर जाणवला. आणखी अर्धे मिनिट गेले असते तर माणसे उठली असती, आणि अंधारात हजारो माणसे एकदम उठली तर काय होते ते सांगायला नको.

तेवढ्यात रंगमंचावर एक बॅटरी पेटली. तिचा प्रकाश कोणी तरी स्वतःच्याच हनुवटीखालून वर धरला होता, आणि त्या प्रकाशात विनोदी नटाचा चेहरा अधांतरी दिसला. त्या प्रवेशात त्याचे काम नव्हते. तो फार मोठ्याने बोलला नाही. गेटवरच्या पोराला त्याने हाक मारली आणि ताकीद दिली, की वाघोबा आले असतील तर त्यांना तिकीट काढूनच आत घे, गेल्या साली असेच फुकट बसून गेले. हसू एकदम फुटले नाही. आधी पुढच्या रांगेत, मग मागे, मग अगदी मागे असे ते पसरत गेले, आणि त्याच्यासोबत माणसे पुन्हा खाली बसत गेली. मग त्याने बॅटरीचा झोत पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यावर टाकला आणि विचारले, “आजा, धानाचा चुकारा आला का जी?” म्हातारा म्हणाला, “नाई ना बाबू.” “मंग माया पार्टाचा पैसा बी तिथंच अडकला म्हना.” त्या हशात सरकारी खरेदी केंद्रावर धान देऊन महिनोन्महिने पैशांची वाट पाहणारा साऱ्या पंचक्रोशीचा शेतकरी हसत होता, आणि ते हसणे म्हणजे त्याचा जाहीर अर्जच होता.

पण मी ही रात्र सांगतो आहे ती याच्यासाठी नव्हे. वीसेक मिनिटे तो बोलत राहिला. या सर्व वेळात मरून पडलेली आई रंगमंचावर तशीच निश्चल पडून होती, कारण दिवे केव्हाही येतील. बोलता बोलता त्याने झोत तिच्यावर नेला, क्षणभर थांबला, म्हणाला, “मायला थंडी लागंल,” आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या अंगावर घातली. लोक त्यालाही हसले. आणि तेवढ्यात दिवे आले. त्या नटाने काय करावे? हशाच्या लाटेवर तो होता; आणखी एक वाक्य टाकले असते तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता. त्याने बॅटरी विझवली, मरून पडलेल्या आईच्या पायाशी तो खाली बसला, शालीचे टोक तिच्या पावलांवर नीट ओढले आणि मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही. नायकाने आपला विलाप जेथे तुटला होता तेथून उचलला, आणि ज्या शालीला लोक आताच हसले होते तीच पाहून बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. लेखकाच्या संहितेत ती शाल नव्हती. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या रात्री ती असणारही नव्हती. माझ्या काट्याच्या भाषेत सांगायचे तर संहिता हे रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि त्या रात्री जो निव्वळ माल गावकऱ्यांच्या पदरात पडला त्याची पावती कोणत्याही दप्तरात फाटलेली नाही.

आपल्या प्राचीन नाट्यविचाराला हे पूर्ण उमगलेले होते. नाट्यशास्त्रात नाट्याच्या रक्षणाची व्यवस्था सांगितली आहे, तीत नायकाचे रक्षण इंद्राकडे, नायिकेचे सरस्वतीकडे आणि विदूषकाचे रक्षण ओंकाराकडे सोपवले आहे. ज्या पात्राचे वर्णन ठेंगणे, पुढे दात आलेले, कुबड निघालेले, टकले असे केले, त्याच्या डोक्यावर छत्र मात्र प्रत्यक्ष ओंकाराचे, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. सर्व वाणीचा जो उगम, त्यालाच वाणी मोकळी सोडणाऱ्याचा रक्षक नेमले आहे. आणखी एक गोष्ट. संस्कृत नाटकातला विदूषक जन्माने ब्राह्मण, नायकाचा, बहुधा राजाचा, मित्र. तरी तो बोलतो प्राकृतात. ‘शाकुंतला’तल्या माढव्याला किंवा ‘मृच्छकटिका’तल्या मैत्रेयाला संस्कृत येत नसेल असे कोण म्हणेल? परंतु ज्याला सिंहासनासमोर खरे बोलायचे आहे त्याने सिंहासनाच्या भाषेत बोलून चालत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकात आजही हेच घडते. नायक आणि नायिका प्रमाण मराठीत प्रेम करतात, खलनायक प्रमाण मराठीत कारस्थाने रचतो, आणि विनोदी नट झाडीबोलीत बोलतो, जी बोली ‘ण’चा ‘न’ करते आणि ‘ळ’चा ‘र’ करते, जीत डोळ्याला डोरा म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे स्वत्व विद्वानांच्या सभेत सिद्ध केले, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. पण विद्वानांची सभा भरण्याच्या पुष्कळ आधी, ज्या बोलीबद्दल शाळेत मार बसे आणि कचेरीत उपहास वाट्याला येई, ती बोली रंगमंचावरच्या प्रकाशात ताठ उभी राहिलेली लोकांनी पाहिली होती ती या विनोदी नटाच्या मुखातून. माणूस स्वतःच्या बोलीला हसतो आहे की स्वतःच्या बोलीत हसतो आहे, यात अंतर आहे. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत वैदर्भी बोली आता वारंवार ऐकू येते. तेथे हे अंतर कधी राखले जाते, कधी जात नाही. तंबूत ते राखावेच लागते, कारण ती बोली बोलणारेच समोर बसलेले असतात.

परशुराम खुणे यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात. म्हणणाऱ्यांचा हेतू प्रेमाचा आहे हे मान्य करूनही मला हे बिरुद खटकते, आणि ते का खटकते हे सांगताना दादा कोंडके यांच्याविषयीचा माझा आदर कोणाला उणा वाटू नये. ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या नायगावात, गिरणगावातल्या कुटुंबात जन्मलेला हा माणूस बँडपथकात, सेवादलाच्या कलापथकात वाढला आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातल्या हवालदाराच्या भूमिकेत १९६५ पासून जो उभा राहिला, तो तेथे खराखुरा सोंगाड्या होता. सबनीसांची संहिता उत्तमच होती. पण त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे छापून आले ते त्या रात्रीच्या हवालदाराच्या तोंडी येई, आणि त्यामुळे तेच लोकनाट्य लोक पुन्हा पुन्हा पाहत. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार, कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे ‘जहरी प्याला’तले हवालदार, हे सारे त्याच घराण्याचे. पुढे १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला, त्यानंतर एकामागून एक चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांसाठी गिनीज बुकात नोंद झाली. लांब नाडा लोंबकळणारी ती ढगळ अर्धी चड्डी साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली.

आणि त्याच वाटेवर, माझ्या मते, एक मोठी हानीही झाली. दादांच्या पुढच्या चित्रपटांतल्या द्व्यर्थी संवादांवर सुशिक्षितांनी जो गहजब केला त्यात ढोंगाचा भाग पुष्कळ होता. परंतु त्या संवादांत हळूहळू एक यांत्रिकता आली, दुसरा अर्थ हाच एकमेव अर्थ होऊन बसला, हे त्यांच्या चाहत्यालाही नाकारता येणार नाही. याचे कारण दादांच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा कॅमेऱ्यात शोधावे. रंगमंचावरच्या सोंगाड्यासमोर प्रेक्षक असतो आणि तोच त्याचा परिनिरीक्षक असतो. झाडीपट्टीच्या तंबूत पुढच्या रांगेत आजी बसलेली असते, तिच्या मांडीवर नात झोपलेली असते, बाजूला गावचे पाटील, मागे शाळामास्तर. विनोदी नट एक पाऊल पुढे टाकतो, आजीच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि दुसरे पाऊल टाकायचे की मागे घ्यायचे हे ठरवतो. मर्यादा ही गोष्ट त्याला कायद्याच्या कलमातून कळत नाही, ती त्या चेहऱ्यावरून कळते. कॅमेऱ्याला चेहरा नाही. त्याच्यासमोर बोललेला शब्द परत घेता येत नाही, आणि कोणासमोर बोललो हे बोलणाऱ्याला कळत नाही. सोंगाड्याच्या हातून त्याचा प्रेक्षक काढून घेतला म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा लगामच काढून घेतला असे होते.

म्हणून खुणे यांना दादा कोंडके यांचे नाव देण्यात तुलना उलटी लागली आहे असे मी म्हणतो. दादांनी सोंगाड्याला तंबूतून उचलून पडद्यावर नेले, तो अमर केला आणि एकाच रूपात गोठवला. खुणे यांनी त्याला तंबूतच ठेवले, आठशे रूपांत ठेवले, आणि प्रत्येक रूप सहाएक रात्रींनी विरू दिले. एकाची कीर्ती महाराष्ट्रभर गेली. दुसऱ्याची कीर्ती पायी चालता येईल तेवढ्या प्रदेशात पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा फिरली. नक्षलवाद आणि बंदोबस्त या दोन टोकांमध्ये ज्या जिल्ह्यातली गावे कित्येक वर्षे रात्री दारे लावून बसत होती, त्या जिल्ह्यात रात्रभर एकत्र बसून हसण्याचे निमित्त टिकवून धरणे, याला मी निव्वळ करमणूक म्हणायला तयार नाही. वाट चुकलेल्या तरुणांना माघारी आणण्याच्या प्रयत्नांतही खुणे यांचा सहभाग राहिला, ही गोष्ट पुरस्काराच्या वेळी सांगितली गेली. ती मला त्यांच्या नटपणाहून निराळी वाटत नाही.

या रंगभूमीवर आक्षेप आहेत आणि ते मी टाळणार नाही. नाटकात मध्येच घुसवलेले सिनेनृत्य, भडक नावे, कर्कश ध्वनी, मुंबईहून एका रात्रीसाठी आणलेले नामवंत, यांनी मूळ चीज पातळ होत चालली आहे, असे जुने जाणते प्रेक्षक म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. विनोदी नटांतही असे आहेत, की ज्यांना प्रेक्षकाच्या चेहऱ्याची पर्वा उरलेली नाही. परंतु एखाद्या विहिरीत गाळ साचला म्हणून गावात विहीर नव्हतीच असे लिहिणारा कारकून निलंबित व्हावा. मराठी नाटकाचे इतिहास बहुशः असेच लिहिले गेले आहेत. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू होणारी ती वाट सांगली, पुणे, मुंबई अशी जाते, वडशाचे स्थानक त्या वाटेवर फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे. ‘झॉलीवूड’ नावाचा एक चित्रपट २०२२ साली या रंगभूमीवर आला, तेव्हा कित्येकांना ती आहे हे प्रथम कळले.

याचे मूळ कारण असे, की आपली मोजण्याची रीतच लिखित शब्दाची आहे. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे रीतसर जाते, शिक्का होऊन येते, दप्तरी लागते. स्पर्धेचे परीक्षक संहितेला गुण देतात. ग्रंथालय संहिता जपते. जी गोष्ट संहितेत नव्हतीच, ती या तिन्ही दारांपैकी कोठूनही आत जात नाही. कायद्याच्या दृष्टीने तर शाल घालणाऱ्या त्या नटाने मंजुरीवाचून प्रसंग वाढवला. पाच हजार रात्री मंजुरीवाचून वाढवलेल्या प्रसंगांबद्दल सरकारने एका माणसाला पद्मश्री दिली, हे उत्तम झाले. पण त्या प्रसंगांपैकी किती आज कोणाला सांगता येतील? ते ज्यांनी पाहिले ती माणसे म्हातारी झाली आहेत. ज्यांनी ते केले त्यांपैकी अनेक तर निघूनही गेले.

काही स्नेही म्हणतात, ही कला क्षणाची आहे, ती लिहून ठेवली म्हणजे मरते. पाण्याची धार पेटीत बंद करता येत नाही. हा विचार मी बरीच वर्षे मनात घोळवला आहे आणि तो मला अर्धाच पटतो. धार पेटीत राहत नाही हे खरे, पण नदीला कोणत्या साली कोठवर पूर आला होता याची खूण घाटावर करून ठेवतात आणि तिचा उपयोग होतो. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या नाटकात, कोणत्या अडचणीत विनोदी नटाने काय केले आणि लोक कशाला हसले, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुष्कळ झाले. लोक कशाला हसले याची पन्नास वर्षांची नोंद असती तर या मुलखात पीक केव्हा बुडाले, चुकारे केव्हा थकले, वाघ केव्हा गावाजवळ आला, रस्ता केव्हा झाला आणि केव्हा वाहून गेला, हे कोणत्याही गॅझेटियरपेक्षा तीत अधिक स्पष्ट दिसले असते. २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे आणि चंद्रपूर व गडचिरोली याच दोन जिल्ह्यांसाठी आहे. त्याच्या मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. त्यांतल्या दहा जणांनी दहा वृद्ध नटांच्या आणि दहा प्रॉम्प्टरांच्या घरी एकेक महिना जाऊन बसावे. प्रॉम्प्टरांकडे विशेषच जावे, कारण संहितेत काय होते आणि रंगमंचावर काय झाले हे दोन्ही ज्याला ठाऊक असते असा तो एकटाच साक्षीदार आहे.

आणि विद्यापीठ करील तेव्हा करील. घुग्घुसमध्ये आम्ही राहणारे लोक बहुतेक बाहेरून आलेले. कोणी तेलंगणातून, कोणी छत्तीसगडातून, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी वऱ्हाडातून, खाणीसाठी, सिमेंटसाठी, लोखंडासाठी आलेले. या जमिनीतून काय निघते ते आम्हांला टनांत पाठ आहे. येत्या भाऊबीजेनंतर आपल्यापैकी प्रत्येकाने दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात, सोबत उबदार घोंगडी आणि एक वही घ्यावी, आणि विनोदी नट संहिता सोडून पहिले वाक्य बोलेल तेव्हा ते गावाचे नाव आणि तारीख घालून टिपून ठेवावे. रस्ता चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढे वडसा असा आहे. नाटक रात्री दहाच्या आत सहसा उभे राहत नाही, त्यामुळे चारच्या पाळीतून सुटून निघालेला माणूसही वेळेवर पोचतो.